शून्याची ओळ

अक्षदाबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. ती मला बघवत नव्हती. तिच्यात नावं ठेवण्यासारखं काही असतं तर मी सुखानं ठेवली असती आणि मोकळा झालो असतो. तसं काही सापडलं नाही, आणि माझं खरं दुखणं तेच होतं.

आम्ही दोघंही पिशोरचे. माझे वडील बन्सी पाटील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. खालच्या अंगाला आमची बरी जमीन आहे. अक्षदाचे वडील मल्हारराव, गावाच्या वरच्या वस्तीवरचे मेंढपाळ. दरवर्षी खरीप निघाला की मल्हारराव त्यांची दीडशे मेंढरं आमच्या वावरात बसवायला आणायचे. जाळीचा वाडा ठोकायचा, मेंढरं त्यात मुक्कामाला ठेवायची, चार दिवसांनी वाडा पुढं सरकवायचा. जमिनीला लेंडीखत मिळायचं आणि त्याबदल्यात आम्ही त्यांना ज्वारी द्यायची, अशी आजोबांच्या आधीपासूनची रीत. ज्वारीचं गाठोडं घेऊन अण्णा मलाच पाठवायचे. तिथं अक्षदा कुठल्यातरी आजारी कोकराला मांडीवर घेऊन गणितं सोडवत बसलेली असायची. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, तरी मला "शिवमदादा" म्हणायची. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. देणाऱ्याला दादाच म्हणतात, असं मी समजत होतो.

पुढं मी शहरात इंजिनिअरिंग केलं. ती कन्नडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली. मल्हाररावांनी दोन मेंढे विकून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण गावात कुणी दोन मेंढे विकले की ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर मी चिकलठाण्यात वेबसाइटी बनवणाऱ्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागलो. कंपनी म्हणजे विमानतळाच्या बाजूला एका नव्या इमारतीत तीन खोल्या आणि आठ माणसं. खाली फरशांचं दुकान. खिडकीतून बघितलं की जिथं तिथं प्लॉटच्या पाट्या आणि अर्धवट उभे खांब. त्या वर्षी पाऊस नव्हता, जमिनीत पाणी नव्हतं, तरी इमारती मात्र तरारून येत होत्या. आमच्या इमारतीला दिवसाआड टँकर यायचा आणि तो आला की आमचे मालक बद्रीनाथ सर मीटिंग अर्धी सोडून वॉचमनवर ओरडायला खाली धावायचे.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या सोमवारी दार उघडून अक्षदा आत आली. सरांनी ओळख करून दिली. "ही पण शिकाऊ. दोघांना सहा महिने बघणार, एकाला कायम करणार. जागा एकच आहे."

अक्षदानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अरे शिवम, तू हितं व्हय!"

नुसतं शिवम. दादा पिशोरच्या स्टँडवरच राहिला होता. चूक काहीच नव्हती, ऑफिसात कुणी कुणाला दादा म्हणत नाही. पण माझ्या मनात त्याची गाठ बसली ती बसलीच. शिवाय माझी एक अडचण होती. मी कायम झालोय असं घरी आधीच सांगून बसलो होतो. आईनं त्या जोरावर दोन स्थळंही बघून ठेवली होती. म्हणजे त्या एका खुर्चीवर माझी नुसती नोकरीच नव्हती, इभ्रतही होती.

पहिल्यांदा पोटात दुखलं ते जानेवारीत. मी एका दुकानदाराचं पान बनवत होतो. मालाची यादी होती, "नवी ओळ" म्हटलं की यादीत एक ओळ वाढायची, आणि प्रत्येक ओळीला खोडायचं बटण होतं. जुन्या ओळी खोडल्या जायच्या. नव्यानं वाढवलेली ओळ मात्र काही केल्या खोडली जात नव्हती. बटण दाबलं की ढिम्म. आम्ही तेव्हा सगळं जेक्वेरीत लिहायचो. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावरची बटणं चालवणारी भाषा, लवकर लिहून व्हावी म्हणून तयार मिळणारं ते सामान. मी त्याची आवृत्ती बदलून बघितली, बटणाचं नाव बदललं, रंग बदलला, शेवटी ब्राउझरला शिव्या घातल्या. दोन दिवस गेले. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना.

अक्षदा डबा धुवायला जाताना मागं थांबली. पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तू पान उघडलं तव्हाच समद्या बटणांना काम वाटून दिलंस ना?"

"मग?"

"मग जे बटण तव्हा नव्हतंच, त्याला काम कोण सांगनार? आमच्याकडं आखाजीला मेंढरांना रंगाची खूण करतात. त्या दिवशी वाड्यात जेवढी असतील तेवढ्यांनाच खूण. मागून जन्मलेली कोकरं बिनखुणेचीच ऱ्हातात."

"बरं. मग करायचं काय?"

"बटणाला काम सांगू नको. वाड्याच्या दारात माणूस उभा कर. आतून कुणी का हाक मारंना, दारातला ऐकंल."

म्हणजे बटणाऐवजी सबंध यादीवर कान ठेवायचा आणि आतल्या कुठल्या बटणातून हाक आली ते तिथं ओळखायचं. एका ओळीचा बदल होता. चालला. दोन दिवसांचं काम पंधरा मिनिटांत झालं आणि वर मेंढरांचा दाखला! सर मागंच उभे होते. खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून त्यांनी तोच दाखला दिला. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. तिचं कुठं चुकतंय ते हुडकायला. हुडकलं ते उलटंच. बिघाड आला की आमच्यातला प्रत्येकजण आधी स्वतःच्या कोडकडं धाव घ्यायचा. ती कधीच नाही. ती आधी फोन उचलायची आणि ज्यानं तक्रार केली त्याला विचारायची, "काका, तुम्ही काय काय दाबलं ते पहिल्यापून सांगा. घाई करू नका." समोरचा सांगायचा आणि ती कागदावर लिहून घ्यायची. एकदा मी टोमणा मारला, "इतकं कशाला? कोडमध्ये बघ ना सरळ." तर म्हणाली, "आमचे बाबा म्हणतात, मेंढरू लंगडत आलं तर खूर बघायच्या आधी ते कुन्या वाटेनं आलं ती वाट बघावी. काटा तिथंच सापडतो, आन बाकीच्यांना तिकडून नेत नाय आपन."

मी त्यावर नाक मुरडलं. घरी जाऊन मात्र तेच करून बघितलं. लागू पडलं. त्या रागानं मला नीट जेवणही गेलं नाही.

इतर लोक तिच्या टेबलाशी जायला लागले. कुणाचं पान उघडताच कोरं दिसे, कुणी जेक्वेरी दोनदा जोडून ठेवलेली असे आणि दुसरीनं पहिलीचं सगळं पुसून टाकलेलं असे, कुणाचा कोड पानाच्या आधीच पळत सुटे. "अक्षदाला दाखव" हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडायचं. माझं टेबल तिच्या शेजारीच होतं. लोक माझ्या खुर्चीला वळसा घालून तिच्याकडं जायचे आणि जाताना "जरा सरक" म्हणायचे.

मे महिना आला. दोन हजार तेराचा तो उन्हाळा ज्यानं बघितला तो विसरणार नाही. एका संस्थेनं दुष्काळात जनावरं जगवायला पाच चारा-छावण्या उघडल्या होत्या आणि त्यांचं कोष्टक बनवायचं काम आमच्याकडं होतं. छावणीवरच्या माणसानं रोज सकाळी जनावरांची संख्या भरायची. जनावरामागं पंधरा किलो ओला चारा, असा गुणाकार पानानंच करायचा. त्या यादीवरून दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक भरून निघायचे. ते पान अक्षदानं सुरू केलं होतं. जो फाइल सुरू करील त्यानं तिच्या डोक्यावर आपलं नाव लिहायचं, असा सरांचा नियम होता. तिथं तिचं नाव होतं.

एका शुक्रवारी अक्षदा सुट्टीवर होती. दुपारी संस्थेचा फोन आला. एकूण चाऱ्याच्या जागी आकडा न येता 'नॅन' अशी इंग्रजी अक्षरं येताहेत. नॅन म्हणजे "हा आकडाच नाही". जावास्क्रिप्टला जे मोजता येत नाही त्याला ती नॅन म्हणते आणि तो एक नॅन बेरजेत शिरला की सगळी बेरीज नासते. सर घायकुतीला आले होते. "तासाभरात नीट पाहिजे. ट्रकची यादी जायची आहे. अक्षदा नाही, कोण बघतंय?"

"मी बघतो," मी म्हणालो. असा मोका पुन्हा कधी येणार होता?

पाचापैकी एकाच छावणीचा आकडा नॅन येत होता, पैठण रोडवरच्या. तिथं फोन लावून "काका, काय दाबलं?" असं विचारणं अवघड नव्हतं. नंबर समोर भिंतीवर होता. पण ती तिची रीत होती. माझ्यासमोर तास होता, सर होते आणि तिची रिकामी खुर्ची होती. मी एक ओळ लिहिली. आकडा कळला नाही तर शून्य धर. बस. नॅन गेलं, बेरीज आली, पान स्वच्छ झालं. दहा मिनिटंही लागली नाहीत. सरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. "याला म्हणतात इंजिनिअर!" मी खाली जाऊन स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला.

शनिवारी पैठण रोडच्या छावणीवर ट्रक गेला नाही. यादीत त्यांच्यापुढं शून्य होतं, जाणार कसा? रविवारीही गेला नाही. सोमवारी सकाळी संस्थेचे लोक ऑफिसात येऊन तोंडाला येईल ते बोलले. एकशे त्र्याऐंशी जनावरं दोन दिवस वाळल्या कडब्याच्या काड्या चघळत उभी होती. दोन वासरं आडवी झाली होती. सरांनी फाइल उघडली. डोक्यावर नाव अक्षदाचं.

"हे काय लिहून ठेवलंयस?" सर ओरडले. "आकडा कळला नाही की शून्य? जनावरांच्या तोंडातला घास काढलास!"

अक्षदानं ओळ वाचली. एकदा माझ्याकडं बघितलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती म्हणाली, "सर, मी आधी तिथं जाऊन येते. मग बोलू."

ती पैठणच्या बसनं गेली आणि दुपारी चारला धुळीनं माखून परत आली. तिनं काय बघितलं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. छावणीवर शुक्रवारपासून कडुबा नावाचा नवा कारकून आला होता. आयुष्यभर सोसायटीची वही लिहिलेला माणूस. संस्थेनं दिलेल्या लॅपटॉपवर त्याच्या पुतण्यानं कौतुकानं मराठी अक्षरं बसवून दिली होती, काकाला सोपं पडावं म्हणून. कडुबा रोज इमानेइतबारे एक-आठ-तीन हा आकडा मराठी अंकांत लिहीत होता. आपण आकडे असेच लिहितो, त्यात त्याचं काय चुकलं? पण जावास्क्रिप्टला मराठी अंक हे अंक वाटतच नाहीत. तिच्या लेखी ती नुसती चित्रं.

"मी त्यांच्याजवळ बसले आन म्हनलं, काका, भरून दाखवा," अक्षदा सांगत होती. "त्यांनी पहिलंच बोट दाबलं आन मला कळलं. मराठी अंक आले तर आधी इंग्रजी करून घ्यायचे, मग मोजायचं. धा ओळींचं काम हाय, मी बसमधीच लिहून आनलं. पन सर, नॅन दिसत ऱ्हायलं असतं तर कळलं तरी असतं की कायतरी बिघडलंय. ज्यानं शून्य लिवलं त्यानं बिघाड नाय काढला, झाकून ठिवला."

"ज्यानं म्हणजे?" सर म्हणाले. "फाइल तुझी आहे."

"फाइल माझी. ती ओळ शिवमची हाय."

सरांनी मला काही विचारायच्या आधी तिलाच विचारलं, "पुरावा काय?"

"तो बरोबरच्या चिन्हाच्या दोनी बाजूला जागा सोडतो. मी सोडत नाय. आन तो कंस खालच्या ओळीवर घेतो. आख्ख्या फाइलीत तशी एकच ओळ हाय."

सर हसले. "मेंढरं ओळखल्यासारखं कोड ओळखतेस की काय?"

"व्हय," ती म्हणाली. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आता एक सांगायला पाहिजे. बद्रीनाथ सरांची सासुरवाडी कन्नडची. अण्णांची आणि त्यांची जुनी ओळख. पाण्याची सालं होती तेव्हा हुरड्याला सर सहकुटुंब आमच्या वावरात यायचे, माझ्या आईच्या हातच्या चटणीचं नाव काढायचे. मल्हारराव त्याच वावराच्या दुसऱ्या टोकाला वाडा ठोकून असायचे. सरांनी त्यांना बघितलं असेल, ओळखत नव्हते.

"शिवम," सरांनी विचारलं, "तू लिहिलीस का ही ओळ?"

शुक्रवारी ज्या माणसानं माझी पाठ थोपटली होती तोच हे विचारत होता. त्याला माहीत होतं. शुक्रवारी ऑफिसात असलेल्या सगळ्यांना माहीत होतं, माझा चहा प्यायले होते सगळे. खरं बोलायला मला एक शब्द लागत होता. मी तीन वापरले.

"आठवत नाही, सर."

सर म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं. फाइल जिची, जबाबदारी तिची. पुढं काळजी घ्या." अक्षदानं मान हलवली आणि बसमध्ये लिहिलेल्या दहा ओळी फाइलीत उतरवायला बसली. संध्याकाळपर्यंत पान नीट झालं. ती रडेल, निदान माझ्याशी भांडेल अशी मी वाट बघत होतो. निघताना तिनं एवढंच विचारलं, "आजून कुठं कुठं लिवलीस ती ओळ?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला कायम केलं. मी घरी फोन केला, पण त्यांना काय सांगणार? त्यांच्या लेखी मी सहा महिन्यांपूर्वीच कायम झालो होतो. आई म्हणाली, "बरं, पगार वाढला का?" अशी ती माझी विजयाची बातमी. अक्षदानं पुढच्याच महिन्यात रेल्वे स्टेशनकडच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी धरली. जाताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. म्हणाली, "बरं झालं, तुला जागा मिळाली. तुला लई गरज व्हती." हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात उलटंपालटं करून बघितलं. त्यात टोमणा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हताच.

मला वाटलं होतं आता मला चैन पडेल. शेजारची खुर्ची रिकामी, जागा माझी, शाबासकी माझी. पण हेवा हा असा प्राणी आहे की त्याला समोर माणूस लागत नाही. छावणीवाल्या संस्थेचा फोन आला की पलीकडून हमखास विचारायचे, "त्या ताई नाहीत का?" कडुबानं तर एकदा स्वतःच्या गावची मेथीची जुडी तिच्यासाठी ऑफिसात आणून दिली होती. ती गेल्याचं ऐकून माझ्याकडं संशयानं बघितलं आणि जुडी परत घेऊन गेला.

तिची खबर गावाकडून लागायची. तिथं तिच्या हाताखाली चारजण आहेत. तिनं वस्तीवर पत्र्याची दोन खोल्यांची जागा बांधली. मल्हारराव आता मेंढरं कमी ठेवतात, तरी दरवर्षी आमच्या वावरात वाडा घालतात, आणि ज्वारी घेताना अण्णांना सांगतात, "पोरगी कालच येऊन गेली मोटारीनं." अण्णा मला ते फोनवर सांगत आणि पुढं विचारत, "तुझं काय चाललंय?"

माझं चांगलं चाललं होतं. खरंच चाललं होतं. लग्न झालं, सिडकोत भाड्यानं घर घेतलं. दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये सरांनी मला सगळ्या कामांवर प्रमुख नेमलं. पुन्हा दुष्काळ होता, आधीच्याहून वाईट. त्याच संस्थेनं आता वाड्यावस्त्यांवर टँकर सुरू केले होते आणि टँकरच्या मागणीची पानं मी बनवली होती. माझी स्वतःची, डोक्यावर माझं नाव.

प्रमुख झालो त्या दिवशी दुपारी मी अक्षदाला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. बायकोला सांगायच्या आधी तिला लावला, यावरून काय ते समजा. मला तिच्या तोंडून एकदाच, एका क्षणापुरतं का होईना, माझा हेवा ऐकायचा होता.

"अक्षदा, शिवम बोलतोय. मला प्रमुख केलं आज."

"व्हय? चांगलं झालं की," ती म्हणाली. आणि लगेच, "मी तुला फोन करनारच व्हते."

"अभिनंदन करायला?"

"नाय. आमच्या वस्तीवर तीन दिवस टँकर नाय. सरूबाई अंगणवाडीवाली आकडा भरते रोज. मी काल तिच्याजवळ बसून बघितलं, ती मराठीत अंक भरती. आन तुमच्या पानावर वस्तीम्होरं शून्य दिसतंय."

वरच्या वस्तीवरून तोच टँकर पुढं खाली आमच्या घरालाही पाणी द्यायचा. आईनं आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं की टँकर येत नाही, आणि मी म्हटलं होतं, ड्रायव्हर लोक तसलेच असतात.

"बघतो," मी म्हणालो. "पण ती ओळ तर तेव्हाच काढली होती आपण."

"माझ्या फाइलीतली मी काढली व्हती. तू तुझ्या पानांत नवी लिवलीस. पाच जागी. शिवम, ब्राउझरमदी कुनालाबी दिसतंय ते, मी सकाळी समद्या फाइली वाचल्या. लिवून घे."

तिनं फाइलींची नावं सांगितली आणि ओळींचे क्रमांक सांगितले. मी लिहून घेतले. खोटं बोलायला या वेळी "आठवत नाही" सुद्धा हाताशी नव्हतं, कारण डोक्यावर माझंच नाव होतं. ती ओळ मी का लिहीत राहिलो ते मला नीट माहीत होतं. नॅन दिसलं की फोन येतो, फोन आला की लोक त्या ताईला विचारतात. शून्य लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

"मराठी अंकांच्या त्या धा ओळी चारा-छावणीच्या जुन्या फाइलीत हायेत," ती म्हणाली. "तिथून उचल. आन शिवम, आधी शून्य काढ, मग पान उघडून बघ. किती वस्त्या झाकल्या गेल्यात ते तरी कळू दे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आवाजात राग होता. पाण्यापायी होता, माझ्यावरचा नव्हता. माझ्यावर चिडण्याइतकीही मी तिच्या हिशेबात जागा अडवली नव्हती.

मी पाचही ओळी काढल्या आणि पान उघडलं. इतके दिवस स्वच्छ दिसणारी यादी वरपासून खालपर्यंत नॅननं भरली. मी बोट ठेवून मोजलं. अक्षदाच्या वस्तीसकट चौदा वस्त्या. कुणाचे तीन दिवस गेले होते, कुणाचे आठ. मी अक्षदाच्या दहा ओळी उतरवल्या, आकडे दिसायला लागले, संस्थेला फोन करून यादी पुन्हा पाठवली आणि चूक माझी आहे असं या वेळी स्वतःहून सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मी ऐकत होतो आणि पडद्यावरच्या त्या चौदा नावांकडं बघत होतो. मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही, पण दुसऱ्या नंबरावर. आधी मनात आलं ते हेच, की हे पुन्हा तिलाच पहिल्यांदा दिसलं.